खराब इंजिनाची चोरी

१

नागपूरच्या इंदोऱ्यात असली चोरी याआधी कोणी ऐकली नव्हती. चोराने खडखडणारं, तेल गाळणारं, धूर ओकणारं इंजिन नेलं होतं आणि त्याच्या जागी चांगलं इंजिन बसवून ठेवलं होतं.

साल १९७८. दसऱ्याचे दोन दिवस चंद्रभान गजभियेचं गॅरेज दरवर्षीप्रमाणे बंद होतं. दीक्षाभूमीवर बाहेरगावच्या लोकांना जेवण वाढायला तो बायको-लेकरांसह जाई आणि दोन दिवस घरीही फिरकत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कामठी रोडवरच्या गॅरेजचं फाटक उघडलं. कुलूप शाबूत होतं. आतल्या पत्र्याच्या शेडखाली दोन गाड्या उभ्या होत्या. एक दूधवाल्याची राजदूत आणि दुसरी गोपाळराव देशकरांची जुनी बुलेट.

गोपाळरावांच्या बुलेटचं झिजलेलं सिलिंडर घासून बोअर करायचं होतं. ते सिंचन खात्यातून निवृत्त झाले होते आणि ही गाडी रायपूरच्या एका माणसाला विकणार होते. "खडखड तेवढी बंद करून दे, बाकी काही नको," एवढंच ते म्हणाले होते. चंद्रभान पेट्रोलची टाकी उतरवायला वाकला आणि तसाच थांबला. इंजिन पुसून लख्ख केलेलं होतं. खाली फरशीवर काळ्या तेलाचं थारोळं होतं, पण त्यात वरून नवा थेंब पडत नव्हता.

त्याने किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. एकेक ठोका मोजून घ्यावा असा स्वच्छ आवाज. समोरच्या टपरीवर पोहे परतणाऱ्या प्रेमिलाबाईने झारा हातात धरून मान वर केली.

"उस्ताद!" चंद्रभानने हाक मारली. "हे कोणाचं इंजिन होय?"

मागच्या खोलीतून बळीराम मिस्त्री भिंत चाचपत बाहेर आला. सत्तरीचा माणूस. चंद्रभान त्याच्याच हाताखाली शिकला होता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हात थरथरत, म्हणून चंद्रभानने त्याला गॅरेजच्या मागेच राहायला जागा दिली होती. तो आवाज ऐकत क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज चांगला हाये."

"चांगला हाये तेच तर म्हणून राहिलो! हे आपलं नाई."

दहा वाजता गोपाळराव आले. त्यांनी इंजिनावरून बोट फिरवलं, डाव्या बाजूला कोरलेल्या नंबराशी चष्मा नेला आणि ताठ झाले.

"हे माझं इंजिन नाही. माझ्या इंजिनाचे शेवटचे आकडे चव्वेचाळीस एकतीस. इथं चव्वेचाळीस सतरा आहे."

"साहेब, मले खरंच—"

"तुला काही माहीत नाही, उस्तादला दिसत नाही, कुलूप तुटलं नाही. मग इंजिनाला काय पाय फुटले? कुठलं तरी चोरीचं इंजिन माझ्या गळ्यात मारलंस तू. पोलिसांनी उद्या मला धरलं म्हणजे?" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. दोन गिऱ्हाइकं फाटकातूनच परत फिरली. "उद्या संध्याकाळपर्यंत माझं इंजिन इथं पाहिजे. नाहीतर मी चौकीत जातो."

फाटकावरच्या पाटीवर स्वतःचं नाव लिहायला चंद्रभानला पंधरा वर्षं लागली होती. चोरीचा माल बसवतो अशी एक बातमी कामठी रोडवर फिरली की ती पाटी उतरवायला पंधरा दिवसही लागले नसते. त्याने सायकल काढली आणि तो थेट मामाकडे गेला.

२

मामा म्हणजे रुपराव मेश्राम. तीस वर्षं अजनीच्या रेल्वे शेडात फिटर होते. वाफेच्या इंजिनाला कान लावून कोणतं बेअरिंग जाणार ते सांगत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. हातात काम नसलं की या माणसाला झोप लागत नसे. भाच्याचं सगळं ऐकून त्यांनी पायजम्याच्या खिशात एक पेन्सिल आणि कागद टाकला.

"चांगलं घेऊन खराब ठेवलं असतं तर मी आलोच नसतो," ते वाटेत म्हणाले. "त्याले चोर म्हणतात. पण खराब नेऊन चांगलं ठेवणाऱ्याले काय म्हणाव गा?"

गॅरेजात आल्यावर त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. आधी भिंत पाहिली. पुरुषभर उंच, वर काचा रोवलेल्या. काचांवरची धूळ जशीच्या तशी. मग ते गाडीजवळ उकिडवे बसले.

"या इंजिनाचं वजन किती?"

"दोन माणसांनी उचलाव लागते, मामा. एकट्याचं काम नाई."

"मंग भिंतीवरून गेलं नाई. फाटकातून गेलं." त्यांनी फरशीवर बोट ठेवलं. "आता हे पाय. जुनं इंजिन तेल गाळत होतं ना? उतरवून नेताना थेंब पडलेच पायजे."

थेंब पडले होते. थारोळ्यापासून निघून ते फाटकाकडे न जाता उलट शेडच्या आतल्या बाजूला सात-आठ पावलं गेले होते. तिथे आणखी एक छोटं, गोल, काळं थारोळं होतं. त्याच्या पुढे पुन्हा थेंब, सरळ एका ओळीत, फाटकाच्या दिशेने.

"इथं काय होतं?" रुपरावांनी विचारलं.

"इथं? काहीच नाई. म्हणजे सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एक नर्सबाई गाडी ठेवून गेल्या होत्या. मी निघायच्या घाईत होतो, पायली बी नाई नीट. उस्तादच बोलला त्यांच्याशी. क्लच सैल होता म्हणे."

रुपराव बळीराम मिस्त्रीकडे वळले. म्हातारा बाजेवर बसून गुडघे चोळत होता.

"उस्ताद, किल्ली तुमच्याजवळ होती."

"होती."

"दोन दिवसांत कोण आलं?"

"नर्सबाई आली. तिच्या गाडीचं काम झालं, ती घेऊन गेली. मी कुलूप लावलं."

"आणखी कोणी?"

"कोणी नाई."

"तुम्ही इंजिन बदललं काय?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं वाऱ्यावरच्या पानांसारखी हलत होती. "या हातानं मले चहा बी धरता येत नाई, रुपराव. नट कसा धरू?"

रुपराव परत गाडीशी आले. त्यांनी कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या सांध्यात नखाने खरवडलं. तिथलं पॅकिंग बाजारचं नव्हतं. कोणीतरी जाड पिवळसर कार्ड कात्रीने कापून घातलं होतं आणि बाहेर राहिलेल्या कडेवर बारीक छापील अक्षरं होती. रुपरावांनी चष्मा लावून ती वाचली.

"पुढील तपा..." ते थांबले. "बाकी आत गेलं."

३

दुपारी रुपराव गोपाळरावांच्या घरी गेले. हनुमाननगरातलं टुमदार घर, अंगणात तगर. गोपाळरावांनी बसा म्हटलं, पाणी दिलं, पण राग उतरला नव्हता.

"तुमचा भाचा आहे म्हणून तुम्ही आलात. मी समजू शकतो. पण माझं इंजिन गेलंय."

"गेलंय ना. म्हणूनच आलो. गाडी कधीची?"

"अठ्ठावन्न सालची. आम्ही दोन मित्रांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या. तो आता नाही. गेल्या वर्षी वारला."

"आणि रायपूरवाल्यानं गाडीच्या नोंदणीचं बुक पायलं?"

"ओळखीचा माणूस आहे. तो काय बुक पाहणार?"

"मले दाखवता काय?"

गोपाळरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सापडत नाही. कुठंतरी असेल. आणि बुकाची गरज काय? नंबर मी सांगतो ना. चव्वेचाळीस एकतीस. झोपेतून उठवलं तरी सांगीन."

रुपराव उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांना गोपाळरावांचा पुतण्या मुकुंद चपला घालताना दिसला. पंचविशीचा पोरगा, मनीषनगरकडे एका कारखान्यात कामाला. तो त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत आला.

"काकांनी माझं नाव घेतलं काय?"

"काहून घेतील?"

"गाडी मी चालवतो. चार वर्षं झाली. आता परक्याला विकून राहिले, मला विचारलंसुद्धा नाही. आमचं मोठं भांडण झालं त्या दिवशी. मी म्हटलं, जाळून टाका पण विकू नका. शेजाऱ्यांनी ऐकलं." तो ओशाळला. "पण मी दसऱ्याला रामटेकला होतो. आणि मले राग आला असता तर मी खराब केली असती ना गाडी. चांगली काहून करीन?"

"हे बोललास ते कामाचं," रुपराव म्हणाले. "तुझ्या काकांना इंजिनाचा नंबर पाठ आहे. तुले आहे?"

"मले? गाडीच्या पाटीचा आहे. इंजिनाचा कोणाला पाठ असते?"

"तेच मी येताना विचार करून राहिलो. शेडात मी शंभर इंजिनं हाताळली. ज्या इंजिनाचा नंबर मले अजून पाठ आहे, ते माझ्या हातून बिघडलं होतं. माणूस विसरायची कोशिश करते तेच ध्यानात राहते." रुपरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "बुक कुठी ठेवते काका?"

मुकुंद परत गेला. संध्याकाळी पाच वाजता तो गॅरेजात आला. शर्टाच्या आत लपवलेलं निळ्या पुठ्ठ्याचं बुक त्याने रुपरावांच्या हातात ठेवलं. काकूच्या जुन्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली होतं.

रुपरावांनी खिशातला कागद काढला. दुपारी त्यांनी इंजिनाच्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली होती, आकडे पांढरे उमटले होते. त्यांनी तो कागद बुकाच्या पानाशेजारी धरला. चंद्रभान, मुकुंद दोघे वाकले.

बुकात लिहिलं होतं, चव्वेचाळीस सतरा.

"म्हणजे?" मुकुंदने विचारलं.

"म्हणजे आलेलं इंजिन याच गाडीचं आहे," रुपराव म्हणाले. "गेलं ते दुसऱ्याचं होतं."

४

चंद्रभानला आनंद व्हायला हवा होता. तो उलट घाबरला. "मंग मामा, इतकी वर्षं या गाडीत कोणाचं इंजिन होतं? आणि हे कुठी होतं?"

रुपरावांनी बुक मिटलं. ते रस्ता ओलांडून प्रेमिलाबाईच्या टपरीवर जाऊन बसले. तर्री पोह्यांची वेळ टळून गेली होती, ती भांडी घासत होती. तिने चहा पुढे केला.

"प्रेमिलाबाई, सुट्टीत टपरी चालू होती?"

"होती ना भाऊ. दीक्षाभूमीवरून परतणारे लोक थांबतात. दोन्ही दिवस सकाळी उघडली."

"गॅरेजात कोणी आलं-गेलं?"

"चोर-बिर तर नाई दिसला बापा. कुलूप होतं फाटकाले."

"चोराचं नाई विचारत. गिऱ्हाईक?"

"नर्सबाई आली होती दसऱ्याच्या सकाळी. पायदळ, चालतच. डब्बा होता हातात. उस्तादनं फाटक उघडलं, मंग आतून लावून घेतलं. दिवसभर ठकठक चालू होती. म्या म्हटलं बाईचं काम मोठं दिसते. सांजच्याला पायदळच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गाडी घेऊन गेली." प्रेमिलाबाई हसली. "बुलेट चालवते भाऊ ते! लुगडं खोचून. पोरी पायत राहतात उभ्या. पण एक गोष्ट सांगू?"

"सांग."

"गाडी ठेवायले आली तवा काय आवाज होता तिचा! ताशा वाजल्यावाणी. आणि दुरुस्त होऊन निघाली तवा खडखड खडखड, मागून इतका धूर की माझ्या पोह्यात गेला. म्या म्हटलं, चंद्रभान नसला की उस्ताद काय करून ठेवते पाय. चांगली गाडी बिघडवून देल्ली बाईची."

रुपरावांनी चहा संपवला. सात-आठ पावलं. इंजिन गॅरेजबाहेर गेलंच नव्हतं, शेजारच्या गाडीत गेलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, फाटकातून धूर सोडत निघून गेलं होतं. त्यात चोरून नेल्यासारखं कोणाला काही वाटलं नाही, कारण मालकीण वर बसली होती.

बळीराम मिस्त्री खोटं एक अक्षर बोलला नव्हता. नर्सबाई आली, काम झालं, गाडी घेऊन गेली.

ते गॅरेजात परत आले आणि चंद्रभानच्या वहीत त्या संध्याकाळची नोंद काढली. वाकड्या अक्षरात चंद्रभाननेच घाईने लिहिली होती. बुलेट, क्लच. खाली नाव होतं: नीला गिरिधर वझलवार, आरोग्य सेविका.

"मुकुंदा," रुपरावांनी विचारलं, "तुझ्या काकांचा तो मित्र, ज्यानं सोबत गाडी घेतली, त्याचं नाव काय होतं गा?"

"गिरिधरकाका," मुकुंद म्हणाला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव एकटेच नीलाच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, पुढे छोटं अंगण. बुलेट तिथेच उभी होती, खाली एक पत्र्याची थाळी आणि थाळीत काळं तेल. रुपराव वाकले. इंजिनावर चव्वेचाळीस एकतीस.

नीला बाहेर आली. तिशीतली सडपातळ बाई, पांढरं लुगडं, ड्युटीवर जायच्या तयारीत. तिच्या नखांत अजून ग्रीस होतं. तिने रुपरावांकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा. मी चहा ठेवते. पोलीस येतील असं वाटलं होतं, तुम्ही आलात."

"तू खेड्यापाड्यांत जातेस ना तपासणीला?"

"हो. कुही-उमरेडकडे, महारोगाच्या सर्व्हेला. बस जात नाही तिथं जावं लागतं. बाबांची गाडी होती, म्हटलं तीच चालती करू. बाबा गेल्यावर इंजिन खोललं. पिस्टनचा दांडा वाकलेला होता, सिलिंडर ओरखडलेलं. पॅकिंगसुद्धा मीच कापलं, आमच्या रद्दी झालेल्या कार्डांचं."

"पुढील तपासणीची तारीख," रुपराव म्हणाले.

ती किंचित हसली. "गाडी छान झाली. मग नाव बदलायला आरटीओत नेली. साहेबांनी बुक पाहिलं, इंजिन पाहिलं आणि म्हणाले, बाई, हे इंजिन या गाडीचं नाही. खुलासा आणा, नाहीतर गाडी जप्त होईल. मला काही कळेना. बाबांनी कधी इंजिन बदललं? मी गोपाळकाकांकडे गेले. लहानपणापासून त्यांच्या मांडीवर खेळलेली. ते म्हणाले, तुझ्या बापानंच बदललं असेल, मला काय विचारतेस? आणि आठ दिवसांत त्यांनी गाडी विकायला काढली."

"मंग उस्ताद कसा भेटला?"

"बाबा म्हणत, बळीराम मिस्त्रीसारखा माणूस नाही. म्हणून शोधत गेले. त्यांना दिसत नाही, त्यांनी इंजिनावर हात ठेवला. नंबरावरून बोट फिरवलं, आणि रडायला लागले."

बळीरामने तिला सांगितलेली हकीकत अशी होती: त्रेसष्ट साली गिरिधरचा पाय मोडला होता. तो सहा महिने वर्ध्याला सासुरवाडीत पडून होता आणि त्याची बुलेट गोपाळरावांच्या ओसरीत उभी होती. त्याच वेळी गोपाळरावांनी स्वतःची गाडी तेल न पाहता दामटली. कोंढाळीजवळ इंजिन जाम झालं. त्यांनी दोन्ही गाड्या बळीरामकडे आणल्या आणि सांगितलं, गिरिधर आता गाडी चालवणार नाही, तो हो म्हणाला आहे, त्याचं इंजिन माझ्यात घाल, माझं त्याच्यात. बळीरामने घातलं. दोन वर्षांनी गिरिधर भेटला आणि म्हणाला, मिस्त्री, उभी राहून राहून गाडी बिघडली हो माझी, काही करता येईल का? तेव्हा बळीरामला कळलं. त्याने तोंड उघडलं नाही. गोपाळराव सरकारी साहेब, तो रोजंदारीवरचा मिस्त्री.

"त्यांनीच मला सांगितलं, काकांची गाडी दसऱ्याला गॅरेजात उभी राहणार आहे," नीला म्हणाली. "रायपूरला गेली असती की बाबांचं इंजिन संपलं. ते बाजूला बसून बोटानं दाखवायचे, मी पाना फिरवायची. शेडच्या आढ्याला साखळी बांधून उतरवलं."

"तुझं इंजिन चांगलं झालं होतं. ते खराब करून देता आलं असतं. जुने भाग परत टाकून."

तिला हा प्रश्नच समजला नाही असं वाटलं. "काकांचं होतं ते. दुसऱ्याची वस्तू बिघडवून कशी द्यायची?"

रुपरावांनी थाळीतल्या तेलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, तुझं होतं ते तू घेतलंस. पण फाटक लावून घेतलंस. माझा भाचा चंद्रभान आज संध्याकाळी चौकीत उभा राहणार आहे."

नीलाने कप खाली ठेवला. "चंद्रभान? त्यांचं नाव कशाला आलं? मिस्त्री म्हणाले होते, काका बुक उघडतील, नंबर पाहतील आणि गप्प बसतील."

"त्यांनी बुक उघडलंच नाही. शालूखाली ठेवलं."

"मी येते," ती म्हणाली. "चला, आत्ताच येते."

"संध्याकाळी ये. सगळे असतील तवा."

६

पाच वाजता गोपाळराव आले ते गल्लीतल्या दोन ओळखीच्या माणसांना साक्षीला घेऊन. चंद्रभान फाटकाशी हात बांधून उभा होता. बळीराम मिस्त्री बाजेवरून उठून खांबाला धरून उभा राहिला होता. मुकुंद मागे.

"सापडलं माझं इंजिन?" गोपाळरावांनी विचारलं.

"सापडलं," रुपराव म्हणाले. "हे काय, गाडीतच आहे."

"थट्टा करता?"

रुपरावांनी बुक आणि पेन्सिलीचा कागद त्यांच्यापुढे धरला. गोपाळरावांनी पाहिलं नाही. त्यांनी मुकुंदकडे पाहिलं आणि मुकुंदने मान खाली घातली.

"ही लिहिण्यातली चूक असेल," ते म्हणाले. "वीस वर्षांपूर्वीचं—"

तेवढ्यात रस्त्यावरून खडखडाट आला. एक बुलेट फाटकातून आत शिरली, मागे निळा धूर. नीला उतरली. तिने गाडी बंद केली नाही. पत्र्याच्या शेडखाली तो आवाज घुमत राहिला, दुखऱ्या दाढेसारखा ठणकणारा. इतकी वर्षं गोपाळराव त्याच इंजिनावर बसून ऑफिसला गेले होते. तो आवाज दुसऱ्या गाडीतून येताना त्यांनी ऐकला आणि ते एक पाऊल मागे सरले.

"काका, इंजिन मी बदललं," नीला म्हणाली. "चंद्रभानभाऊंना काही ठाऊक नव्हतं. चौकीत जायचं तर मला न्या."

"तिले नाई, मले न्या," बळीराम मिस्त्री म्हणाला. "त्रेसष्टलेही म्याच बदललं होतं. तेव्हा तुम्ही सांगितलं म्हणून. आता मले वाटलं म्हणून."

साक्षीला आलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. गोपाळरावांनी चष्मा काढला. ते काहीतरी ओरडतील असं चंद्रभानला वाटलं. ते हळूच जुन्या टायरांच्या ढिगावर बसले.

"मी त्याला सांगणार होतो," ते म्हणाले. "पाय बरा होऊन तो आला तेव्हाच. वाटलं, आधी त्याचं इंजिन दुरुस्त करून देऊ, मग सांगू. मग बदली झाली. मग राहिलं." "दर दिवाळीला तो माझ्याकडे यायचा, नीला. गल्लीत वीस-वीस किका मारून घामाघूम व्हायचा. आणि माझ्या गाडीकडे पाहून म्हणायचा, गोपाळा, तुझा हात चांगला आहे. एकाच दिवशी घेतल्या, पण तुझी बघ कशी राहिली. मी हसायचो."

नीलाने जाऊन आपली गाडी बंद केली. अचानक शांतता झाली. समोरच्या टपरीवरचा स्टोव्ह ऐकू येऊ लागला.

"आरटीओत मी येतो तुझ्यासोबत," गोपाळराव म्हणाले. "लिहून देतो, मीच बदललं होतं म्हणून."

"इंजिन आता बुकाप्रमाणे आहे काका. लिहून द्यायची गरज नाही. पण बाबांनी गाडीची काळजी घेतली नाही असं आईला बोलताना मी किती वेळा ऐकलं. तिला येऊन सांगा."

गोपाळरावांना तोंडावर चापट बसली असती तरी ते एवढे दचकले नसते. ते म्हणाले, "सांगतो. उद्या येतो."

मग ते चंद्रभानपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी साक्षीच्या माणसांकडे वळून सांगितलं, "या गॅरेजात चोरीचं काही नाही. हे बाहेरही सांगा." चंद्रभानने मान हलवली.

"हे इंजिन रायपूरला नका पाठवू काका," मुकुंद मागून म्हणाला. "मी चालवीन."

"तू चालव," गोपाळराव म्हणाले. "आजचा दिवस मला दे."

ते आपल्या बुलेटपाशी गेले आणि किक मारली. इंजिन एका दणक्यात जागं झालं. हे त्यांचं स्वतःचं, त्यांनी स्वतःच्या हाताने कोंढाळीजवळ मारलेलं इंजिन होतं. ते हँडलवर हात ठेवून ऐकत राहिले. सगळ्यांना वाटलं आता बसतील आणि जातील. त्यांनी बंद केलं, स्टँड काढला आणि गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली.

कामठी रोडवर संध्याकाळची गर्दी होती. हनुमाननगर तिथून चांगलं दोन कोस. प्रेमिलाबाईने टपरीतून हाक दिली, "काहून साहेब, पुन्हा बंद पडली काय?"

"नाही बाई," गोपाळराव म्हणाले. "चालू आहे." आणि गिरिधरसारखे घामाघूम होऊन, सदरा पाठीला चिकटेपर्यंत ते ढकलत राहिले.

शेडमध्ये नीलाने लुगड्याचा पदर कमरेला खोचला होता. बळीराम मिस्त्री चाचपत तिच्या गाडीजवळ येऊन खाली बसला आणि गिरिधरच्या इंजिनावर त्याने तळहात ठेवला. ते अजून गरम होतं.

"आधी तेल काढ," तो म्हणाला. "मंग टाकी. चंद्रभान, तिले मोठा पाना दे गा."

रुपराव खाली बसले आणि त्यांनी बाह्या वर केल्या.